दिनू, ती तार तू जोडलीच नव्हतीस

दिनू,

तुला जाऊन अठरा दिवस झाले आणि त्यातले शेवटचे चार दिवस मी तुझ्याशी भांडतोय. त्याआधीचे चौदा दिवस रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही. तेराव्याला भरल्या पानावरून उठलो. राज्य मिळतंय, मुंबईसकट मिळतंय, आणि ते ऐकायला तू नाहीस, याचंच सारखं वाईट वाटत होतं. चाळीतल्या मंडळाच्या हस्तलिखितासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या म्हणून मंडळी मागे लागली आहेत. लिहायला बसलोही होतो. ‘दिनकर हा निर्मळ मनाचा मित्र होता’ इथवर आलो आणि कागद फाडून टाकला. निर्मळ मनाचा! साल्या, दोन वर्षं तू मला फसवत होतास.

तुला यातलं सगळं ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार. मध्ये न बोलता ऐक, तेवढं तरी आता तुला जमेल.

आपण दोघांनी एकेक अँप्लिफायर बनवला. गोदीच्या ऑफिसात साहेब जेवायला गेला की मी ड्रॉइंगच्या टेबलावर मशीनचा नकाशा काढायचो. व्हॉल्व्ह तेच, जोडणी तीच, पत्र्याचं खोकंसुद्धा एकाच मापाचं. फरक फक्त एका वस्तूचा, स्पीकरला आवाज पोचवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा. माझ्या मशीनमध्ये चोरबाजारातून शोधून आणलेला, लढाईतल्या भंगारातला विलायती ट्रान्सफॉर्मर. तुझ्या मशीनमध्ये तू हाताने गुंडाळलेला. परळच्या त्या शेडमध्ये तू विजेच्या जळक्या मोटारी सोडवून पुन्हा तार भरायचास, दिवसभर व्हार्निशच्या वासात. घरी येऊन परत तेच करायचास, फक्त तार केसासारखी बारीक. तुला मी म्हटलं होतं, “दिनू, हे मोटार भरण्याचं काम नाही. यात सूर असतो.”

तू म्हणालास, “तांब्याची तार आणि पत्रा, सदा. गोऱ्याने गुंडाळली काय नि मी गुंडाळली काय, तारेला कळतं होय?”

“तारेला नाही कळत. कानाला कळतं.”

“मग बघू या ना कानाला.”

इथून सगळं सुरू झालं. आणि पडद्याची कल्पना माझी, हे मी आधीच कबूल करतो. माणूस डोळ्यांनी बघून ऐकतो, हे मी तुला समजावलं होतं. विलायती ट्रान्सफॉर्मर समोर दिसला की आवाज आपोआप गोड वाटतो, म्हणून ऐकणाऱ्याला दिसताच कामा नये कुठलं मशीन चालू आहे. केवढा शहाणा मी. मग तू तो लाकडी डबा केलास. दोन मशीनच्या तारा त्यात जायच्या, एक तार स्पीकरकडे निघायची, वर एक खटका. खटका डावीकडे केला की तुझं मशीन, उजवीकडे केला की माझं.

दर रविवारी जेवणं झाली की परळच्या चाळीतल्या तुझ्या खोलीत आपली बैठक. वहिनी दोरीवर चादर टाकायच्या. चादरीमागे तू, डबा आणि दोन्ही मशीनं. चादरीपुढे मी, पाठ करून, डोळे मिटून. स्टो बंद. वहिनींनी भांडं वाजवायचं नाही. गॅलरीत कोणी मोठ्याने बोललं की मी उठून दार उघडायचो आणि ओरडायचो, “अहो, इथे काम चाललंय.” सगळी चाळ आपल्याला वेडी म्हणायची. तबकडी एकच, बाईंची ती भैरवी, घासून घासून पांढरी पडलेली. टक्. तू खटका फिरवायचास आणि मी सांगायचो.

काय काय सांगायचो मी, आठवतं? “हा मोकळा. बाई समोर बसल्यात.” टक्. “हा दबला. बाई शेजारच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं.” टक्. “आता परत समोर. हा माझा.” आणि चादरीमागून तुझा आवाज यायचा, “बरोबर.” कधी तीनदा लागोपाठ तसंच ठेवायचास, मी फसतो का बघायला. मी म्हणायचो, “बदलला नाहीस. आवाज तसाच नितळ आहे.” तू म्हणायचास, “बरोबर रे बाबा. काय कान आहे.” मला आतून असं काही वाटायचं, दिनू, की काय सांगू. नोकरीत मी दुसऱ्यांच्या रेघा गिरवणारा माणूस. मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. तुझ्या खोलीत दर रविवारी दोन तास माझ्या शब्दाला वजन होतं.

मग ते वजन खोलीबाहेर गेलं. चाळीत कोणी रेडिओ घेतला की मला बोलवायचे. “सदाला ऐकू दे आधी.” मी मान तिरकी करून ऐकायचो आणि म्हणायचो, “खर्ज सुटा नाही.” लोक माना डोलवायचे. समितीच्या सभांना मशीन कुठलं न्यायचं असा प्रश्न आला तेव्हा कोणी ऐकूनसुद्धा बघितलं नाही. मी म्हटलं माझं, तर माझं. मी तिथेही ज्ञान पाजळलं. “भाषणाला गोडवा नको, अक्षर हवं. मैदानाच्या टोकाला ‘महाराष्ट्र’ शब्द अख्खा पोचला पाहिजे. त्यातला ‘ष्ट्र’ मध्येच विरघळला तर मशीन फेकून द्या.” तू टोकाला जाऊन उभा राहायचास आणि टोपी वर करायचास. म्हणजे पोचला.

नायगावच्या सभेत पोलीस घुसले तो दिवस मला विसरता येत नाही. अश्रुधुराने डोळे उघडेनात. मी मशीन तिथेच टाकून पळालो. पळालो, हे कोणाला सांगितलेलं नाही मी. तू मैदानाच्या टोकाला होतास, तू सरळ घरी जाऊ शकला असतास. उलटा आत आलास, तारा तोडल्यास, मशीन छातीशी धरून भिंतीवरून उडी मारलीस. तापलेल्या व्हॉल्व्हने तुझं कोपर भाजलं, महिनाभर शर्टाची बाही वर होती. मी म्हटलं, “वेडा आहेस का? मशीन काय, दुसरं करता येतं.” तू म्हणालास, “तुझा तो विलायती दुसरा कुठनं आणणार?” त्या रविवारी मी तुला घट्ट मिठी मारायला हवी होती. मी मशीन उघडून काही बिघडलंय का ते बघत बसलो.

आणि मग गिरगावचे पाध्ये.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान, गणपतीत मंडळांना अँप्लिफायर पुरवणारे. त्यांना ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा माणूस हवा होता, घरी बसून, बारमाही काम. तू तुझा एक नमुना नेऊन दिलास. खिडकीखालची जागा मोकळी केलीस, तिथे गुंडाळायचं यंत्र बसवणार होतास. वहिनी मला म्हणाल्या होत्या, “व्हार्निश सुटतला एकदाचा, भावजी. रात्रभर खोकतत.” पाध्यांनी मला निरोप पाठवला. तुमचा मित्र आहे, तुम्ही दोन्ही ऐकलंय, काय म्हणता? मी गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. मला वाटलं, इथे मैत्री बघायची नाही, खरं तेच बोलायचं. मी म्हटलं, “हात स्वच्छ आहे त्याचा. पण आवाज दबका येतो. गाण्याला नाही चालणार. मी दोन वर्षं पडद्याआडून ऐकतोय, एकदाही चुकलेलो नाही.”

तुला काम मिळालं नाही. मी तुला स्वतः येऊन सांगितलं, मी काय बोललो ते. लपवलं नाही. तू कानाच्या पाळीला हात लावलास, हसलास आणि म्हणालास, “मग? खोटं कशाला बोलायचं?” त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा चादर टांगली. पुन्हा टक्. पुन्हा मी म्हणालो, हा माझा. पुन्हा तू म्हणालास, बरोबर.

आता चार दिवसांपूर्वीचं सांगतो. वहिनींनी डबा हातात दिला. “ह्यो तुमचो डबो, भावजी. घेवन जावा. माका बघवत नाय.” घरी आणला, पुसला. एक स्क्रू सैल वाटला म्हणून पक्का करायला गेलो, तर नुसता फिरतच राहिला. म्हटलं, उघडूनच नीट करू. झाकण काढलं.

डावीकडची तार, तुझ्या मशीनची, खटक्याला लागलेली होती. उजवीकडची, माझ्या मशीनची, लागलेली नव्हती. आणि खटक्याच्या दोन टोकांना जोडणारा बोटभर तारेचा तुकडा होता, दोन्हीकडे तुझा तो सुरेख कथलाचा डाख दिलेला, मोत्याएवढा. म्हणजे खटका इकडे करा नाहीतर तिकडे करा, वाजणार एकच. तुझंच.

खात्री करायला मी दोन्ही तारा पुन्हा बोटाने चाचपून बघितल्या. माझं मशीन त्या खोलीत एकदाही वाजलेलं नव्हतं, असंच तेव्हा वाटलं. ज्या आवाजाला मी मोकळा म्हणालो तो तुझा, ज्याला दबका म्हणालो तोही तुझा. बाई कुठे गेल्या नव्हत्या की आल्या नव्हत्या. दर रविवारी मी पाठ करून बसलोय, हात हवेत फिरवतोय, आणि तू चादरीमागे बसून मला बघतोयस. हसत होतास का रे? खरं सांग. चादर हलायची कधीकधी, मला वाटायचं वारा.

आणि आणखी एक. व्हॉल्व्हचं मशीन समोर स्पीकर नसताना चालू ठेवलं तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हे आपल्याला दोघांनाही ठाऊक. तर माझ्या मशीनची ती तार तू नुसती तोडून ठेवली नव्हतीस. तिच्या टोकाला स्पीकरच्या जागी एक जाडा रेझिस्टन्स लावून ठेवला होतास, वर कापडी टेप गुंडाळून. माझा विलायती जळू नये म्हणून. म्हणजे माझ्या मशीनला तू जपलंस. मला नाही जपलंस.

त्याच पावली परळला गेलो. चढताना जिन्यावर एक माणूस आडवा आला, त्याच्यावरही खेकसलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, “वहिनी, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

त्यांनी आत बघितलं. त्यांना तारेतलं काय कळणार. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना ठाऊक होतं.

“गंमत करूची होती त्यांका,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दोन-तीन रविवारी खरोखर दोन्ही लावल्यानी. मग माका म्हणाले, सदाक काय फरक कळत नाय, नुसतो ठोकून देता. आता एकच लावतंय, मग बघ. एका रविवारी डबो उघडून दाखवतलंय, म्हणाले, लय हसतलो तो.”

“मग दाखवलं का नाही?”

“मी पण विचारलंय. दर रविवारी म्हणायचे, आज. आणि तुम्ही गेलात की म्हणायचे, आज नुको. आज लय खुशीत होतो तो.”

त्या परत तांदूळ निवडायला लागल्या. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. “आणि पाध्यांच्या वेळी?”

“त्या दिवशी मी भांडलंय,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलंय, आता तरी उघडा तो डबो, त्या पाध्यांच्या दुकानात नेऊन उघडा. तर म्हणाले, सदाक चाळीत तोंड दाखवूक जागा रवायची नाय. त्याच्याकडे तेवढाच असा.”

तेवढंच आहे. ऐकलंस? तुझी बायको मला तुझे शब्द सांगते आणि माझ्या कानशिलात बसते. माझ्याकडे तेवढंच आहे! मी तुझ्याकडे भीक मागितली होती का रे? मित्र म्हणून माझं मनगट धरून ओढायचं, तोंडावर म्हणायचं, सद्या, तुला घंटा कळत नाही. मी चिडलो असतो. महिनाभर बोललो नसतो. पण मग पाध्यांच्या दुकानात जाऊन मी ते बोललो नसतो. खिडकीखाली तुझं यंत्र बसलं असतं. तू शेडमध्ये गेला नसतास. तुझ्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात वहिनींनी डॉक्टरांना विचारलं होतं, कावीळ अशी एवढी वाढते का, व्हार्निशच्या वासाचं काही असेल का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी तिथेच उभा होतो, दिनू. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आता ते ‘सांगता येत नाही’ दिवसातून शंभरदा ऐकू येतं.

रविवारी मी तो तारेचा तुकडा काढला आणि माझी तार जिथे लागायला हवी होती तिथे लावली. दोन्ही मशीनं तुझ्या खोलीत मांडली. वहिनी नाही म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. म्हटलं, एकदा मला कळू दे. कदाचित खरंच फरक असेल. कदाचित तू वाजवला नाहीस म्हणून मला कळला नसेल. चादर टांगली, मी पाठ करून बसलो, वहिनींनी खटका फिरवला. टक्. बाई गात होत्या. टक्. बाई गात होत्या. मी जीव कानात आणून ऐकलं. दहा वेळा, पंधरा वेळा. वहिनींनी पलीकडून विचारलं, “खयचो बरो, तुमचो की त्यांचो?”

“कळत नाही, वहिनी.”

चादरीमागून स्टो पेटवल्याचा आवाज आला. मी दोन्ही मशीनं बंद केली आणि त्यांनी दिलेला चहा घेतला. आवाज चांगला होता, दिनू. दोन्हींचा. तू पहिल्या दिवशी म्हणाला होतास तेच. तारेला कळत नव्हतं आणि मलाही नाही.

आज गिरगावला गेलो. ऑफिसात रजा टाकली. पाध्यांच्या दुकानात तेव्हासारखीच गिऱ्हाइकं होती, मी मुद्दाम त्यांच्यासमोर बोललो. म्हटलं, “दिनकरच्या कामाबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काडीचा दोष नव्हता. मला आवाजातलं काही कळत नाही. हे तुम्हाला सांगायला आलो.” पाध्यांनी चष्मा काढला. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. मला वाटलं, ते रागावतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“मला तो नमुना आवडला होता,” पाध्ये म्हणाले. “म्हणून तुमच्या बोलण्यावर मी लगेच नाही म्हटलं नव्हतं. दिनकररावांना परत बोलावून घेतलं. म्हटलं, तुमचे मित्र असं म्हणतात, मला तर तसं वाटत नाही, तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही म्हणाल तर मी काम देतो.”

मी विचारलं, “मग?”

“म्हणाले, सदा म्हणतो तर तसंच असणार. कान त्याचा आहे. आणि नमुना उचलून घेऊन गेले.”

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. पाध्यांनी पाणी आणून दिलं, ते प्यालो.

तू मला हे कधी बोलला नाहीस. तुझ्या हातात काम आलं होतं, दुकानदार देतो म्हणत होता, नुसतं हो म्हणायचं होतं. माझी अब्रू राहावी म्हणून तू ते सोडून आलास आणि पुढच्या रविवारी माझ्यासाठी खटका फिरवत बसलास. कोणी सांगितलं होतं तुला? माझी अब्रू एवढी महाग आहे, असं तुला कोणी सांगितलं होतं? मी तुझा घात केला, आणि तू मला तो करू दिलास, माझ्या मागे उभा राहून, बरोबर बरोबर म्हणत. मी चुकलो रे, दिनू. पण चुकलो हे तू जिवंत असताना मला कळायला हवं होतं. माफी मागायचा माझा हक्क होता, तो तू घेऊन गेलास. हे मी तुला माफ करणार नाही.

तू मला माफ केलं होतंस की नाही, तेवढं मात्र मला कोणालाच विचारता येत नाही.